भट्टीमागची खोली

नरेशकाका,

नमस्कार शेवटी लिहीन. आधी विचारायचं ते विचारते.

बालरोगाच्या शिक्षणात आम्हाला आता वस्तीतही पाठवतात. मूल तपासायचं आणि गरज पडली तर त्याच्या वतीने अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. मला बीरगांव मिळालं. तिथल्या तीन वर्षांच्या निधीच्या रक्तात शिसं अडतीस निघालं. पाचच्या वर गेलं की आम्ही घर तपासतो. तिचं घर म्हणजे तुमच्या कारखान्यातल्या बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीमागची खोली.

रविवारी तुम्ही जेवायला आलात. "पोट्टी, काहून उन्हात फिरून राहिली? कोणता पारा देला तुले, कोणती वस्ती?" मी सगळं सांगितलं, खोलीसुद्धा. तुम्ही वरणावर लिंबू पिळत होतात. हात थांबला.

मंगळवारी खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "दीदी, सुपरवाइजर खुद आया था. सामान भी उसी ने उठवाया."

कारखान्यात सुपरवायझर तिघं आहेत, हे मला माहीत आहे. रविवारी आमच्याकडे जेवायला एकच आला होता.

तो तुम्हीच होतात का?

गुरुवारी निधीची आई स्वतः तिला घेऊन ओपीडीत आली. नवा पत्ता तिने मला हळूच सांगितला. सोमवारी जिल्हा कार्यालयात मी निधीसाठी बोलणार आहे. तोवर ती सापडली आहे, हे कुणालाही कळता कामा नये. हे पत्र वाचलं की तुम्हाला कळेल. म्हणून ते माझ्याच कपाटात राहील.

नमस्कार शेवटी लिहीन म्हटलं होतं. तूर्त नाही.

शर्मिष्ठा