हिवाळ्याचं तेल किती घ्यायचं

प्रिय सोलांज,

फोन केला नाही, कारण फोनवर मी भांडतो. मागच्या वेळी तू नुसतं ‘हॅलो’ म्हणालीस आणि मी ‘एवढा वेळ कुठे होतीस?’ म्हणून ओरडलो. कागदावर ओरडलं तरी ते तुला पोचेपर्यंत माझा राग उतरलेला असतो. म्हणून हे पत्र. कामाचं आहे, घाबरू नकोस. घर तापवायच्या तेलाचा करार शुक्रवारपर्यंत पक्का करायचाय, आणि हिशेबात तू माझ्यापेक्षा हुशार.

इथे बटाट्याची काढणी सुरू झालीय. शाळा बंद, पोरं शेतात, आणि मी गोदामात सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहून दगड आणि सडके बटाटे वेचतो. घरी आलो की नाकातून माती निघते. आईच्या घरी डोकावलो की ती म्हणते, “कॉलेज सोडलंस ते ह्याच्यासाठी?” मी म्हणतो, बटाटे निदान माझ्या बोलण्याची नक्कल करून अख्ख्या वर्गाला हसवत नाहीत. त्या मास्तरासमोर वही आपटून निघून आलो त्याचं मला आजही काही वाटत नाही. तू मात्र बसून राहिलीस, त्याचा तेव्हा राग आला होता. आता नाही. नर्स व्हायचं असेल तर वर्गात बसावं लागतं. ऑगस्टमध्ये पोर्टलँडला जाताना तू म्हणालीस, शेवटचं वर्ष तिथे करता येईल किंवा नोव्हेंबरपासून आपल्या गावच्या हॉस्पिटलात. “बघू,” म्हणालीस. मी गाडीचं दार जरा जोरात लावलं, एवढंच.

तर तेल. काल गवतावर पहिलं दहिवर गोठलं, तसा मी तेलवाल्यांच्या ऑफिसात गेलो. टेबलाशी लुडिव्हिनबाईच होत्या, मांडीवर विणकाम घेऊन. म्हणाल्या, “या, चिडकोबा! यंदा कोणता भाव?” मग त्यांनी सगळं समजावलं. ठरलेला भाव घेतला तर वसंतापर्यंत तोच, बाहेर काहीही होवो. पण जितके गॅलन सांगू तितके घ्यायचे, कमी जळले तरी पैसे तितक्याचेच. दुसरा कमाल भावाचा. त्या भावाच्या वर जाणार नाही, बाजार उतरला तर आपला भावही उतरेल, पण त्यासाठी वेगळी फी आधीच भरायची. मी विचारलं, भाव चढलाच नाही तर फी परत मिळते का? “छत्री घेतली आणि पाऊस पडला नाही, तर दुकानदार पैसे परत देतो का रे?” तिसरा नुसता बाजारभाव. ट्रक दारात येईल त्या दिवशी जो असेल तो.

मी ऐटीत म्हटलं, गेल्या वर्षी आठशे गॅलन लागले, तेवढेच लिहा. त्यांनी सुया खाली ठेवल्या. स्क्रीनवर आपल्या टाकीचं माप बघत म्हणाल्या, “ऑगस्टपासून तुझ्याकडे तेल जवळजवळ हललेलं नाही. गरम पाणीसुद्धा त्याच बंबातून येतं ना? तू अंघोळ करतोस की नाही, बाळा?” मग हळूच म्हणाल्या, “ती गेली का?” माझ्या आईला अजून मी सांगितलेलं नाही, सोलांज. तिला वाटतं तू सुट्टीला मावशीकडे आहेस. आणि तेलाच्या ऑफिसाला माहीत! मी म्हटलं, तुम्ही तेल विका, चौकशा करू नका. आणि दार आपटून बाहेर आलो. टोपी आतच राहिली होती, ती घ्यायला परत जावं लागलं. त्यांनी टोपी दिली, वर एक बिस्किटही.

येताना शेजारच्या रोझेरकाकांना विचारलं. ते ओट्यावर बसून बंदूक पुसत होते. “मी जन्मभर बाजारभावच घेतला,” म्हणाले. “बायको बांधून घेतली नाही, तेल कशाला बांधून घेऊ?” स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, “पण जानेवारीत ट्रकची वाट बघत एकटा बसलो की वाटतं, बांधायला हवं होतं काहीतरी.” तेल म्हणाले की बायको, ते मी विचारलं नाही.

लुडिव्हिनबाई म्हणाल्या होत्या, एका माणसाला पाचशे पुरेत, वरचा मजला बंद ठेवलास तर. आपल्या घराला ऊब कमीजास्त करायच्या दोन कळा आहेत, खालची वेगळी, वरची वेगळी. वरची तुझ्यासाठीच फिरवावी लागायची. तू मोजे घालून, त्यावर माझे मोजे घालून अभ्यासाला बसायचीस आणि तरी म्हणायचीस, “ऑगी, अजून थोडं.” मी खालून ओरडायचो, आपण काय केळी पिकवतोय का? आता खालीही एवढं तापवावंसं वाटत नाही. आज रविवार म्हणून कुट्टूच्या पिठाची धिरडी केली. पीठ नेहमीच्याच मापानं भिजवलं. उरलेली रोझेरकाकांना दिली, त्यांनी लोण्याबरोबर उभ्याउभ्या संपवली आणि म्हणाले, “करपवतोस छान.” नदीपलीकडच्या घरांतून धूर निघायला लागलाय. तुझ्या खिडकीतून तो चांगला दिसतो. मी वर जाऊन बसलो होतो थोडा वेळ. तुझी पुस्तकं तशीच आहेत. हाडांचं ते जाड पुस्तक उघडून पाहिलं. त्यात तू माझ्या हाताची चित्रं काढून एकेका हाडाचं नाव लिहिलंयस. मी कधी हात धरून बसू दिलं होतं तुला एवढा वेळ, मला आठवत नाही. बहुतेक झोपलो असेन.

आता खरं सांगतो. भाव कोणता घ्यायचा हे मी तुला विचारतच नाहीये. तो ठरलाय. ठरलेलाच घेतला. बाजार पडला तर पडू दे, गाव मला हसेल, हसू दे. टोपी घ्यायला परत गेलो तेव्हाच सही करून आलो. फक्त गॅलनची जागा कोरी आहे. लुडिव्हिनबाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारपर्यंत आकडा कळव. तो मी कळवणार नाही. तू त्यांना फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. मला करू नकोस, कारण तू पाचशे म्हणालीस तर मी काहीतरी भलतंच बोलेन आणि ते तुझ्या कायमचं लक्षात राहील. त्यांना आठशे सांग किंवा पाचशे सांग. त्या कारण विचारतील, सांगू नकोस. शुक्रवारी कामावरून सुटलो की मी जाऊन कागद बघेन. पाचशे असतील तर त्यांच्याशीही भांडणार नाही, शप्पथ. शनिवारी वरच्या नळ्यांतलं पाणी सोडून देईन, नाहीतर गोठून फुटतात, आणि तुझी पुस्तकं खाली आणून उबेला ठेवीन.

तुझाच,
ऑगी