आत्याच्या घरावरून ठरलेलं कॉलेज

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमचा असा राग आला की तव्यावरची पोळी करपली.

बारावीनंतर तुम्ही मला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची कॉलेजं दाखवायला नेलं होतं. दर्यापूरहून आधी अमरावती, मग अकोला. अमरावतीची लॅब पाहून मी हरखून गेले. तिथल्या मॅडमनी मला मशीनवर बसवलंसुद्धा. अकोल्याचं कॉलेज मात्र तुम्ही आतून पाहिलंच नाही. गेटवरूनच म्हणालात, "आत्याचं घर मागच्याच गल्लीत आहे, अजून काय पायजे?" झालं! ठरली माझी पदवी. "बाबा, मले अमरावतीले जायचं आहे," म्हटलं, तर म्हणे, "तुले काय समजते?" आणि धाकट्याला दोन वर्षांनी खुशाल पुण्याला होस्टेलवर ठेवलंत. तिथं आपलं कोण होतं हो?

आत्या कधी वाकडं बोलली नाही. पण दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या भाचीने सकाळी पोळ्या लाटाव्यात, संध्याकाळी पाहुण्यांचा चहा करावा, हे कोणी सांगावं लागतं का? बाकीच्या पोरी लॅबमध्ये बसून प्रोजेक्ट करताहेत आणि मी आत्याकडे मेथी निवडतेय. कॅम्पसला कंपनी आली, तेव्हा मला माझाच प्रोजेक्ट समजावून सांगता आला नाही. सांगणार काय, कपाळ? तो मैत्रिणींनी केला होता. नोकरी गेली ती गेलीच.

आता माझ्या पोरीचा नंबर आहे. तिलाही कॉम्प्युटरच हवंय, तेही पुण्याचं. आणि आज जेवताना तिचे बाबा म्हणतात, "अमरावतीले मामा आहे ना तिचा! त्याच्या घरी राहील, कायले पुणं?" मामा म्हणजे आपला धाकटाच, बाबा! माझं डोकंच फिरलं. "माही पोरगी कोनाच्याच घरी राहनार नाही," मी ओरडलेच, आणि तिला तिथल्या तिथं प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पुणं पहिल्या नंबरावर टाकायला लावलं. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. पोरगी तेवढी नाचून राहिली आहे.

हे कुठं धाडायचं नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. पण खरं सांगू? मले लय भेव लागून राहिलं. तिला पुण्याला सोडायला कोणी जावं, हा विचार मनात आला, तेव्हा सगळ्यात आधी तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. त्याचाही रागच येतोय मला.