तू बसवलेल्या अंड्यांची पिल्लं

प्रिय शांता,

हे पत्र मी अंगणात, खुराड्यासमोर बसून लिहितोय. दार अजून बंद आहे. आत तुझ्या सात जुन्या कोंबड्या आहेत आणि काल संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांच्यात सोडलेली सहा पिल्लं. अंगणात ऊन उतरल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं शेजारच्या गंगाबाईने बजावलंय. ऊन अजून लिंबाच्या शेंड्यावरच आहे, आणि आतून एकाही पिल्लाचा आवाज नाही. अशा वेळी माणसाने काय करावं? तुला लिहायला बसलो.

तांबडी कोंबडी खुडूक झाली म्हणून तू तिच्याखाली नऊ अंडी ठेवलीस आणि पिल्लं निघायच्या आत निघून गेलीस. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं जेवत होती, तेव्हा न्हाणीमागच्या टोपल्यात पिल्लं कवच फोडत होती. एवढी कसली घाई होती गं तुला?

थंडीने आठवड्यात तीन पिल्लं नेली. भरल्या सभेत कोणाच्या बापाला न भिणारा मी, घाबरलो! उरलेली सहा उचलली आणि घरात खोक्यात, बल्बखाली ठेवली. तांबडी दोन दिवस दाराशी ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी गप्प झाली, बाकीच्या कोंबड्यांत मिसळली. मला बरंच वाटलं!

गंगाबाई लेकीकडून, मेहकरहून परतली आणि तिने कपाळावर हात मारला.

"भाऊ, पिल्लं घरात काऊन नेली? माय तोडली की त्यायची! आता थे वळखते का त्यायले?"

"थंडी होती, बाई."

"थंडीले मायचं पोट असते. तुमचा बलब पाखं पसरते का?"

तिने एक पिल्लू तांबडीसमोर ठेवलं. शांता, तांबडीने त्याच्या डोक्यात चोच मारली. स्वतःच्या पिल्लाच्या! मी काठी उचलली. पण मारणार कोणाला? तिचा काय दोष?

"थोडी थोडी सवय करा," गंगाबाई म्हणाली. "पन भाषन नोका देऊ. कोंबड्या टाळ्या नाही वाजवत."

माणसावर उपकार करू नका, त्याला त्याची जागा द्या, असं मी व्यासपीठावरून किती वेळा गरजलो! घरात मात्र सगळं मीच ठरवलं. तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हाही तुला विचारलं नाही. दवाखान्याआधी, तुझं काम कमी होईल म्हणून, कोंबड्या विकायची गोष्ट काढली. तू म्हणालीस, "तुमचं जग सुधरून झालं की मंग या माह्या कोंबड्यायकडे." मी हसलो होतो. पण तूही पुन्हा काही बोलली नाहीस. का बोलली नाहीस?

पिल्लांना पिसं फुटेपर्यंत बल्ब ठेवला. मग रोज दिवसा अंगणात, जाळीच्या टोपल्याखाली ठेवली. कोंबड्या भोवती फिरायच्या, चोच मात्र पोचायची नाही. संध्याकाळी पुन्हा घरात. असे आठ दिवस गेले. काल गंगाबाई म्हणाली, "आता नाही तं कधीच नाही." रात्रभर मला त्या बंद दाराशिवाय काही दिसलं नाही.

ऊन उतरलं. उघडतो.

उघडलं, शांता! आधी तांबडी आली, मग बाकीच्या सहा जणी. मग कोणीच नाही. मी वाकलो, आत हात घातला, हाताला गार माती लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक पिल्लू आलं, मागोमाग एकमेकांना चिकटलेली चार. सहावं सगळ्यात शेवटी आलं, डोक्यावर रक्त सुकलेलं. ते थेट अंगणात टाकलेल्या दाण्यांवर गेलं. तांबडीने टोचलं. ते मागे सरलं, आणि पुन्हा आलं! माझा हात काठीकडे गेला.

"राहू द्या भाऊ!" गंगाबाई कुंपणापलीकडून ओरडली. "त्याचं त्याले भांडू द्या!"

मी हात मागे घेतला. मूठभर ज्वारी चार हात लांब टाकली. पाच पिल्लं तिकडे धावली. सहावं गेलं नाही. ते तांबडीच्या समोरच उभं राहून खात होतं.

तुला शब्द देतो: थंडी कितीही पडो, यांना मी पुन्हा घरात कोंडणार नाही. दार रोज मीच उघडीन, दाणे दोन ठिकाणी टाकीन. त्यापायी लोणारच्या सभेला उशीर झाला तर लोक थांबतील. काठी मोडून चुलीत घातली आहे.

तुझा,
प्रकाश