पालकाला लेंडीखत

धावडा, ता. ६ जानेवारी २०२५

चि. रेणू हिस धुळाजी आजोबांचे अ. आ.

फोन लावला की तुझी आजी मधेच हिसकावून घेते, म्हणून पत्र. भोकरदनला पाण्यात पालक पिकवायच्या नोकरीला लागलीस, हे गावभर झालं. मातीवाचून शेती आणि चालता न येणाऱ्यांना पगार, मला दोन्ही थापा वाटतात. बिचारी म्हणून कोपऱ्यात बसवून पैसे देत असतील, तर ती भीक नको. आपण मेंढरं राखली, पण हात पसरला नाही. रविवारी बघायला येतो. काम खोटं निघालं तर तुला खुर्चीसकट टेम्पोत घालून आणीन.

माया आहेच, म्हणून धमकी.

तुझा आबा


भोकरदन, ता. १३ जानेवारी २०२५

ती. आबांना रेणूचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात, आमची टाकी मात्र अजून आजारी आहे. पालकाचं जेवण पाण्यातच विरघळवलेलं असतं, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तुम्ही मान डोलावलीत. मी चहा आणायला वळले, तेवढ्यात पिशवीभर लेंडीखत टाकीत! उपाशी रोपं बघून तुमचा जीव कळवळला असेल, पण पंपाचा जीव गेला ना.

आमच्या मुजाहिदला दिसत नाही, पण आधी कळलं त्यालाच. त्याने दारातूनच विचारलं की शेडात मेंढरं कोण बांधून राह्यलंय. मग सगळ्यांनी मिळून टाकी उपसली, मी नळ्या धुतल्या. बराचसा पालक वाचला.

शेड चालवणाऱ्या सत्यशीलाताईंनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. टाकी तुझी, पाव्हणा तुझा, मंग त्याला एकटं सोडून गेलीस कशी, पुन्हा असं झालं तर सरळ घरी बस, म्हणाल्या. मी रडले. तुम्ही पुदिन्याच्या मांडणीआडून ऐकत होतात, पटका दिसत होता. आणि तसेच निघून गेलात!

आबा, हे काम मला फार आवडतं. टेम्पो कधी येतोय ते कळवा, म्हणजे आतून कडी लावून बसते.

रागावले तरी लोभ कमी करू नये.

आपली रेणू


धावडा, ता. २० जानेवारी २०२५

चि. रेणूस अ. आ.

खत चांगलं कुजवलेलं होतं, एवढं बाईंच्या कानावर घाल.

पोरी, लहानपणी तू दुधाचं पातेलं उलथवलंस तरी कुणी ओरडलं नाही. शाळेत सगळ्यांना छडी, तुला माफी. मीसुद्धा तुला कधी शब्दानं दुखवलं नाही. बिचारी म्हणायचो आणि सोडून द्यायचो. परवा त्या बाईंनी तुला इतरांसारखंच झाडलं, तेव्हा पुदिन्याआड मी डोळे पुसत होतो. बिचारीवर कुणी असं चिडत नाही. कामाच्या माणसावरच चिडतात.

टेम्पो येणार नाही. बाईंना नमस्कार सांग. माझ्या नातीला हक्कानं रागावणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

असाच लोभ असू दे आणि अधूनमधून बोलणीही खात जा.

तुझा आबा