वादळ्याने मुखवटा काढला त्याविषयी

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

मु. मांडवखार कोळीवाडा,
ता. अलिबाग, जि. कुलाबा.
नागपंचमी, सन १९६१

राजमान्य राजश्री हिरामणराव चित्रकार, मुक्काम मुंबई, यांस भागोजी तांडेल याचा रामराम. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. मी स्वतः खुशाल नाही, का ते पुढे कळेल. आपली प्रकृती कशी आहे? विशेषतः उजवा हात कसा आहे? (त्याच हाताने आपण चित्रे काढता, म्हणून चौकशी.) बायकोच्या धाकट्या भावाला कोणी अहोजाहो करत नाही, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या लग्नात आपले नाक मी माझ्या नव्या उपरण्याने पुसले होते. परंतु प्रकरण असे आहे की एकदा अरेतुरेवर आलो तर पुढचे शब्द पोस्टातून पाठवण्यासारखे राहणार नाहीत.

आपल्या ‘वादळ्या’च्या चित्रांच्या पुस्तकाचा मी पहिल्या अंकापासूनचा वाचक आहे. पहिल्या सहा अंकांतला वादळ्या गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, अंगाला चिकटलेली विजार, गुडघ्यापर्यंत बूट आणि पाठीवर फडफडणारी चादर असा होता. (बूट घालून दर्यात उतरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो बंदर मोजायला आलेला साहेब होता आणि त्याला आम्हीच बाहेर ओढला.) तरी आपल्या मेव्हण्याचे काम म्हणून मी सर्वांना सांगत राहिलो की चांगला आहे, गरीब आहे, थोड्या दिवसांत रुळेल. मग सातव्या अंकात, छापखान्याच्या मालकांनी काय मनावर घेतले देव जाणे, पण वादळ्याने कातच टाकली. रंग सावळा झाला, छाती रुंद झाली, बूट गेले, डोक्याला लाल रुमाल आला, मुखवटा तेवढा राहिला, आणि मुखवट्याच्या वर, डाव्या भुवईवर, एक खोक आली. ती खोक माझी आहे. लहानपणी नांगराचा आकडा लागून पडलेली, साऱ्या कोळीवाड्याला माहीत असलेली खोक. त्या दिवसापासून मला कोणी भागोजी म्हणेना.

वादळ्या होणे सोपे नाही, हिरामणराव. रावजीची बकरी विहिरीत पडली तर बोलावणे मला. मी उतरलो, बकरीला खांद्यावर घेतली, तिने माझ्या डोक्यावर पाय देऊन वर उडी मारली आणि मी खाली राहिलो. लोकांनी आधी बकरीला पाणी पाजले, मग मला दोर टाकला. शिवाय वादळ्या कोळी झाला म्हटल्यावर बाकीच्यांच्या पोटात दुखू लागले. आगरवाडीचा धर्माजी दर बाजाराला माझा रस्ता अडवून म्हणे, “आमचा मानूस का न्हाय त्यात? मिठागरान दुपारचा उभा करा तुमच्या वादल्याला, पापड व्हईल त्याचा!” लाँचवरचे सारंग म्हणत की एवढा दर्या जाणणारा माणूस म्हसळ्याकडचा आमच्या जमातीतलाच असणार, इन्शाल्ला पुढच्या अंकात कळेल. दत्तात्रेय मास्तरांचे म्हणणे, वादळ्या निदान मॅट्रिक तरी असावा. मी सगळ्यांना गप्प बसवले. म्हटले, वादळ्या कोळी आहे आणि कोळीच राहील. माझे म्हणणे खोटे ठरले नाही, पण ज्या रीतीने खरे ठरले त्यापेक्षा तो मॅट्रिक झालेला परवडला असता.

पंधरावा अंक रेवसच्या लाँचने आला. पान अकरा. खांदेरीजवळ वादळ, शीड फाटलेले, होडी आडवी. आणि होडीचा तांडेल कुठे? फळीखाली! डोक्यावर मासळीची पाटी पालथी घालून बसलेला! वादळ्या सुकाणू धरतो, होडी खाडीत आणतो, काठावर उतरून मुखवटा काढतो, तर आत अंबाडा, अंबाड्यात अबोली, आणि कोळी पद्धतीचा कासोटा. वादळ्या बाई निघाली! तेही एक वेळ मी सोसले असते. पण पाटीखालच्या त्या घाबरट तांडेलाच्या डाव्या भुवईवर खोक आहे. खोक तीच, जागा तीच, आपण फक्त एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली. मी जाहीरपणे सांगतो की ही गोष्ट साफ काल्पनिक आणि बिनबुडाची आहे. (पाटी डोक्यावर नव्हतीच. पाटी होडीच्या दुसऱ्या टोकाला होती.)

आपण मुंबईत राहून इथल्या रीती विसरला असाल म्हणून सांगतो. बाई बाजार करते, मासळी सुकवते, वल्हवणाऱ्याला शिव्या देते, सर्व करते. पण सुकाणूला हात लावत नाही. लावला तर त्या होडीचा तांडेल संपला. आणि नारळीपौर्णिमा दहा दिवसांवर आली आहे. दर्याला नारळ दिला की खलाशी तांडेलाच्या हातून विडा उचलतात, मग वर्षभर ते त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. सत्तावीस वर्षे माझ्या हातचा विडा कधी खाली राहिला नाही. यंदा मी कोळीवाड्यातून चाललो की बायका पाट्या पालथ्या करून ठेवतात. माझे तांडेलपण आपल्या पान अकरावर टांगले आहे.

आता माझा संशय. समजा, केवळ समजा, की गेल्या माघात खांदेरीला नवस फेडून परतताना असे काही घडले असते. तर त्या होडीत चारच माणसे असती : मी, नवस होता म्हणून बरोबर घेतलेली आपली बहीण केसर, आणि खलाशी सदू व विठोबा. आणि असे काही घडले असते, तर चौघांनी दर्यात हात बुडवून शपथ घेतली असती की ही गोष्ट काठावर उतरणार नाही. मग ती मुंबईला छापखान्यात कशी उतरली? सदूला मी धक्क्यावर गाठले आणि आडून आडून विचारले. तो इतक्या सरळ नजरेने “न्हाय” म्हणाला की मला तत्काळ त्याचा संशय आला. विठोबाने तर उलट मलाच विचारले, “सोलावा अंक कवा येतो?” ज्याच्या पोटात पाप आहे तो असा निर्धास्त विचारील काय? विचारील. मुद्दाम विचारील.

पण मुख्य संशय केसरवर आहे. वैशाखात ती सुके बोंबील घेऊन मुंबईला आली आणि तीन दिवस आपल्याकडे राहिली. जाताना कोळंबीचे सोडे नेले होते, तेही निवडक. भावाला निवडक सोडे बहीण उगाच देत नाही. म्हणून मी परीक्षा घेतली. अंक पान अकरावर उघडून चुलीजवळ ठेवला आणि दाराआडून पाहत बसलो. तिने अंक उचलला, पान अकरा फाडले, त्यात मीठ बांधले आणि शेजारी देऊन आली. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आठ दिवसांत समजलेले नाही.

दरम्यान गावातले बाकीचे अंक गोळा करण्याचे मी ठरवले. एक मास्तरांकडे होता. शाळेच्या कामाला हवा म्हणून मागून आणला. (शाळेचे काम म्हणजे काय, हे मास्तरांनीच मला विचारले.) दुसरा अनंता न्हाव्याकडे, आणि तो त्यावर बसून गिऱ्हाईक करतो. मी दाढीला बसलो, तो उठला नाही. पुन्हा जेवून गेलो, पुन्हा दाढी केली, तरी उठला नाही. तिसऱ्या खेपेला दाढी शिल्लक नव्हती म्हणून मिशी कापायला सांगितली, तेव्हा तो कात्री आणायला उठला आणि मी अंक बंडीत घातला. अर्धी मिशी तशीच टाकून घरी आलो. आता केसर माझ्यावर संशय घेते. दिवसातून तीनदा न्हाव्याकडे जाणारा पन्नाशीचा नवरा कोणासाठी नटतो, असे तिने विठोबाच्या बायकोला विचारले, आणि विठोबाच्या बायकोने हसून वादळ्यासाठी असे सांगितले.

तेव्हा माझी स्पष्ट मागणी अशी. सोळाव्या अंकात वादळ्याने पुन्हा मुखवटा काढावा आणि आत पुरुष निघावा. एकदा कात टाकली, दोनदा टाकली, तिसऱ्यांदा टाकायला आपल्या शाईला काय जड आहे? अंक पौर्णिमेच्या आधी लाँचवर यावा. लोभ सध्या घडी घालून पेटीत ठेवला आहे; सोळावा अंक पाहून बाहेर काढीन.

आपला (अजून तरी) मेव्हणा,
भागोजी तांडेल

ता. क. : एक चूक दाखवायची राहिली. पान अकरावर बाईने दोन्ही हातांनी सुकाणू धरलेले आहे. सुकाणू एकाच हातात होते. दुसऱ्या हातात माझी बंडी होती, मी पाण्यात जाऊ नये म्हणून. समजा.

दुसरा ता. क. : हिरामण, अरे, वरची मागणी रद्द समज. दार लावून लिहितो आहे. मला दिसत नाही रे. माघात खांदेरीचा खडक दिसला नाही, म्हणून सुकाणू तिच्या हातात गेले. अलिबागला डॉक्टरला दाखवले. तो म्हणतो मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे, पिकायला दोन वर्षे लागतील, तोवर कापता येत नाही. दोन वर्षे मी काठावर बसून जाळी विणू का? मला दर्या सोडवत नाही आणि एकट्याने जायची भीती वाटते. केसर बरोबर असली तर वाटत नाही. म्हणून वादळ्या बाईच राहू दे. दर पंधरा दिवसांनी काढ, सुकाणू धरलेली काढ, पौर्णिमेच्या आधीचा अंक तर तिनेच भरून टाक. चित्रात पाहून पाहून लोकांची नजर मेली, की होडीत पाहिली तरी कोणी बोलणार नाही. त्या बूटवाल्या गोऱ्यालासुद्धा आम्ही महिनाभरात आपला म्हटला होता. मला पाटीखाली ठेवलास तरी चालेल. मात्र कोणी विचारले तर मी तुला कडक पत्र लिहिले होते असे सांग. आणि केसरला यातले अक्षर कळू देऊ नकोस.

हिरामन,
पत्र पेटीत टाकाला माज्याच हातान दिलंय. वलीवर वली चढल्यात, अक्षर तुला लागंल का न्हाय म्हनून उघडलं नि समदं वाचलं. तुला गोष्ट कोनी सांगितली ते ह्यांना म्हाईत न्हाय. शिमग्याला तू आला व्हतास तवा ताडी पिऊन हेच तुज्या गल्यात पडून रडत व्हते, माजी केसर न्हवती तर आमी बुडलो व्हतो म्हनून. ध्यानात न्हाय त्यांच्या. राहू दे, तू पन बोलू नको. पन पाटीचं तू खोटं काढलंस नि मला लय राग आला. हे लपले न्हवते. माज्या पायाशी बसून, गालावर वारा घेऊन सांगत व्हते, आता वलव, आता सोड. मला खडक दिसत व्हता, पन वारा कुठचा ते कलत न्हवतं. एकटी असते तर बुडवली असती मी. म्हनून ते पान फाडलं. पुढल्या पुस्तकान दोघांना काढ, नि ह्यांना फलीच्या वर बसव.
केसर