शेंद्र्याच्या गायरानात पुरलेल्या चड्ड्या

४ जुलै
उस्मानपुरा. कपड्याच्या दुकानात पुरुषांच्या पांढऱ्या सुती चड्ड्या मागितल्या, डझनभर. दुकानवाले चाचा : "साइझ?" म्हटलं, कोणतीही, फक्त निव्वळ कॉटन पाहिजे. चाचांनी चष्मा काढून बघितलं. "बेटा, पहननेवाला कौन है?" जमीन, म्हटलं. चाचांनी चष्मा परत लावून डझन मोजून दिल्या.

६ जुलै
शेंद्र्याजवळचं गायरान. सगळ्या पुरल्या. अर्ध्या चराईच्या गवतात, अर्ध्या चराईबंद कुंपणाच्या आत. इलास्टिकची कड वर ठेवली, जागा सापडावी म्हणून. माती कापूस किती खाते, त्यातला कार्बन किती लवकर हवेत सोडते, यावर पीएच.डी.चं अख्खं प्रकरण उभं राहायचंय.

१९ जुलै
तिथं शेळ्या चारणाऱ्या सखूमावशीचा फोन. "बाई, रानात काय पुरलंस तू? करणी हाय का? माझी शेळी कालपासनं चरंना!"
"करणी नाय मावशी, चड्ड्या हायेत."
यानं प्रकरण सुधारलं नाही.

२० जुलै
गेले. निम्मं गाव जमलेलं. सगळ्यांसमोर उकरायला लावलं. पहिली चड्डी, जाळी झालेली. दुसरी, त्याहून जास्त. बायांच्या तोंडाला पदर. तिसऱ्या जागी नुसताच खड्डा. शेळीकडं पाहिलं. शेळीनं माझ्याकडं.
"मावशी, हिनं खाल्ली."
"कुणाची व्हती?"
"कुणाची नाय, नवी व्हती."
"नवी?" याचंच तिला जास्त वाईट वाटलं.
जनावरांचे डॉक्टर आले. इलास्टिक अडकलं असेल तर अवघड, म्हणाले. औषध पाजलं. मावशी शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

२१ जुलै
पीएच.डी.चे गाइड सर : मुदतीआधी उकरलेले नमुने बाद, नवे लावा. म्हटलं, गावात पाय ठेवू देतील का? "ते तुम्ही बघा."
दुपारी मावशी, फोनवर ओरडतच : "पडली! लेंड्यांसंगं पट्टी पडली! पाला खातीया!"
प्रयोगशाळेत रडले. एका इलास्टिकसाठी.
सरांना विचारलं, हा नमुना नोंदवू कसा? "चराईमुळे झालेली कार्बनची घट." चेहरा गंभीर.

२४ जुलै
पेढे घेऊन गेले. परत पुरायला मावशीची ना नाही. कुंपण मात्र सगळीकडं घालायचं. शिवाय तिच्या बाजरीच्या बांधालाही पुरायच्या. "माझी माती उपाशी हाय का धड खातीया, मलाबी कळू दे." नव्या कशाला नासायच्या, म्हणून मालकांच्या जुन्यांचं गठुडं हातात. धुतलेल्या आहेत. नाही म्हणता आलं नाही.

२५ जुलै
सर : वापरलेलं कापड चालणार नाही, तुलना होणार कशी? बरोबरच आहे. मावशीला कसं सांगू याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तिचाच फोन. "मालकांनी खड्डे घेऊन ठिवलेत. बांधावरच बसलेत. कवा येतीस?"