लोखंडी पेटीतली फाईल

…आणि कुशाबाईंनी माझ्या हातातली बादली ओढली, संडासाच्या रांगेतल्या सहा बायका ओलांडून थेट दाराशी नेऊन ठेवली, आणि म्हणाल्या, “पोटुशी हाय ती. तिला आदी जाऊ द्या. कळत न्हाई व्हय?” (कुशाबाई म्हणजे आमच्या घरमालकीण.)

आई, नमस्कार राहिलाच. गुडघे कसे आहेत? पत्र पाहून घाबरू नकोस. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि माझं पोट अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून लिहितेय.

तर इथं कुरुळीत माझा मान वाढला आहे. आतड्याचं दुखणं लपवत दोन वर्षं मी ह्याच रांगेत दात आवळून उभी राहिले, कुणी वळून पाहिलं नाही. आता दिवसातून दहादा जाते तर कौतुक होतं. (कुशाबाईंच्या मते मुलगीच असणार, मुलगे पोटात एवढी धावपळ करत नाहीत.) तुझ्या जावयांनाही हे डोहाळेच वाटतात. कंपनीतून येताना ते रोज कैऱ्या आणतात. मी त्या रोज कुशाबाईंना देते.

खरे डोहाळे कुणाला सांगू? मला तुझ्या परसातला संडास आठवतो. आतून कडी, रांग नाही, आणि बाहेर तू, दर दोन मिनिटांनी “झालं का गं?” विचारणारी. तेव्हा मी आतून ओरडायचे. आता कुणी विचारत नाही.

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी मला पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी परत बाईंकडे. (पोट एकच, पण मजले दोन.) शेवटी बाईंनी विचारलं, आतड्याच्या गोळ्या कधी सोडल्या? म्हटलं, आईनं सांगितलं तेव्हा. लेकराला बाधतील म्हणाली. त्यांनी पेन खाली ठेवलं. ह्या गोळ्या चालतात, म्हणाल्या, शौचावाटे रक्त पुन्हा जायला लागलंय त्यानं बाळाला धोका आहे. चालू केल्यात. (जावयांच्या लेखी त्या अशक्तपणाच्या आहेत.)

तू मनाला लावून घेऊ नकोस. येऊही नकोस. नऊ तासांचा प्रवास, शिवाय म्हशीचं कोण बघणार?

तुझी,
स्वरूपा

ता. क. डॉक्टरीणबाईंना माझ्या दुखण्याची जुनी फाईल हवी आहे. लग्न ठरलं तेव्हा आपण दोघींनी ती लोखंडी पेटीत लुगड्यांखाली दडवली, तीच. पोस्टानं नको, ह्यांच्या हाती पडेल. तूच घेऊन ये. म्हशीचं दादा बघेल.

आणखी एक. ह्यांना सांगेन तेव्हा तू शेजारी बस. बोलू नकोस, नुसती बस.

सकाळी. ह्यांच्यासमोर गोळी घेतली आणि सांगून टाकलं. त्यांनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून वाचलं. मग एवढंच विचारलं, आईंना गाडीत खिडकीची जागा लागते का. आज पहिली पाळी बुडवून ते तुला आणायला उदगीरच्या एसटीनं निघताहेत. पत्र त्यांच्याच हाती देते आहे.